कायोंगोसमोर गुडघे टेकल्याबद्दल

तीर्थरूप सेंगाआत्यांस,

नामुतेबीचा आदराने नमस्कार. खोकला कसा आहे? शेळी व्याली का? (मला बसवत नाहीये, उभ्यानेच लिहितेय, अक्षर चालवून घ्या.)

तुमच्या कानावर गेलंय ते खरं आहे. मोठ्यांसमोर आणि पुरुषांसमोर टेकायचे गुडघे मी एका सात वर्षांच्या पोरासमोर टेकले. भर वर्गात. बाबा म्हणाले, "तुझ्या आत्याने शिकवलेल्या रीतीचं वाटोळं केलंस." पण आधी ऐकून तर घ्या.

परीक्षा संपल्यावर आम्हा काही मुलींना प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून घेतलं. ज्यांना ऐकू येत नाही, जे बोलत नाहीत, जे जागेवर ठरत नाहीत, त्यांच्याशेजारी बसायचं. (मी तरी कुठे जागेवर ठरते, पण ते कोणी विचारलं नाही.) कंपालाहून शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, मुलाशी बोलताना खाली, त्याच्या नजरेसमोर या. आता खाली यायची तुम्ही मला एकच रीत शिकवलीत. मी टेकले. आणि टेकल्यावर तोंडातून सवयीने निघालंच, "रात्र कशी गेली, साहेब?"

हा कायोंगो वर्षभर शाळेत एक अक्षर बोललेला नव्हता. त्याची आई टॅक्सी स्टँडवर भाजलेली केळी विकते. हेडमास्तरांनी तिला बजावलं होतं, सत्र संपेपर्यंत पोरगं बोललं नाही तर घरी न्या. तर त्याने मला नीट न्याहाळलं आणि एखाद्या आजोबांसारखं खालच्या आवाजात म्हणाला, "बरी गेली. म्म्." मीही रीतीप्रमाणे "म्म्" म्हटलं. परत तो. गणिताचा अख्खा तास आम्ही हुंकारत होतो. मला रडू आलं (पोरी बघत होत्या, म्हणून शिंकल्यासारखं केलं).

दुसऱ्या दिवसापासून पंचाईत. कोणी टेकल्याशिवाय तो दारातून आत येईना. हेडमास्तर तणतणत आले, "हा काय तमाशा लावलाय?" कायोंगो दाराबाहेरच उभा. रागारागात त्यांच्या हातातली किल्ली पडली, ती उचलायला ते वाकले, गुडघा जमिनीला लागला. "बरी गेली," कायोंगो म्हणाला, "तुमची?" हेडमास्तर बिचारे सवयीने "म्म्" करून बसले. मग म्हणाले, रोज असाच वर्गात बसला आणि बोलला, तर राहू दे.

असो. घराण्याची मान खाली गेली त्याबद्दल क्षमा असावी. यापुढे असं करणार नाही.

तुमची,
नामुतेबी

ता.क. शेवटचं वाक्य खोटं आहे. आज सकाळीही टेकले.

ता.क. २. सोमवारपासून आठवडाभर मला नर्सिंगच्या मुलाखतीसाठी मसाकाला जायचंय. बाकीच्या मुलींना त्यांच्या आयांनी टेकायला बंदी केलीय. कोणीच टेकलं नाही तर तो बाहेर उभा राहील, आणि हेडमास्तर त्याला घरी पाठवतील. तेव्हा सोमवारी तुम्ही ती सणासमारंभाची निळी गोमेसी नेसून या. रीत शिकवणाऱ्या तुम्हीच टेकलात तर गावातली एकही आई तोंड उघडणार नाही.

ता.क. ३. तो "तुमची?" विचारेल तेव्हा घाईघाईत "बरी" म्हणू नका. तुम्ही जन्मभर कितीजणांसमोर टेकलात, पण तुमची रात्र कशी गेली ते ऐकायला कोण थांबलं? हा थांबतो.