बोटी बंद व्हायच्या आत

१२ एप्रिल, तलासरी
आज आईने मलाच विचारलं, "तू कोणाची गं?" म्हटलं, तुझीच. हसली, पाहुण्याकडे बघून हसतात तशी. शाळेत जाऊन पहिलीच्या पोरांवर उगाच ओरडले.

१५ एप्रिल
रजा टाकून आईला डहाणूला डॉ.कडे नेलं. "दिवसभर काय करतात?" काही नाही. मी करूच देत नाही. महेश गेल्यापासून तिला तिच्या गावाहून, धाकटी डहाणूहून, इथे आणून बसवलंय. समुद्र दिसायला नको, टेन्शन नको, चहासुद्धा हातात. डॉ. म्हणाले, "बाई, मेंदूलाही थोडा ताण लागतो. झेपेल एवढाच. त्याने तो तग धरतो असं दिसतंय, खात्री नाही देत. जास्त झाला तर मात्र उलटंच." कामं द्या म्हणाले, चुकल्या तर चुकू द्या.
एक विचारायचं होतं. तोंडातून निघालंच नाही.

१६ एप्रिल
लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल. महेश, माझा धाकटा भाऊ. दिवाळीनंतर खलाशी म्हणून गुजरातच्या बोटीवर गेला आणि तिकडेच बुडाला. सापडलाही नाही. आईला सांगितलेलं नाही. दिवस घातले तेही काकांकडे, तिला "शाळेचं ट्रेनिंग आहे" अशी थाप मारून. खलाशाची आई सात-आठ महिने वाट बघतेच, त्यात काय नवीन. "खोल पाण्यात रेंज नसते गं." एवढ्यावर भागलं.
पण मेअखेर पावसाळ्यासाठी बोटी बंद. सगळी पोरं घरी येतात. तेव्हा?

२१ एप्रिल
बाजारातून ओले बोंबील आणले. वाळवायला अंगणात दोरी बांधली. आई बराच वेळ नुसती बघत होती. मग एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. मग दुसरी, तिसरी. माझ्या जोड्या पटापट खाली. "तुला आयशीने शिकवलं नाय का?" म्हणाली. हसू की रडू!
शेजारच्या वहिनी नाकाला पदर लावून गेल्या. जाऊ देत.

२९ एप्रिल
सकाळी धक्का. भांडी वाजली, दाराची कडी खडखडली. आई उठली. "महेश आला." दार उघडून उभी. इथे भूकंपाचं कोणाला काय राहिलंय, शाळेत पोरं "बाई, आला!" म्हणत मैदानात पळतात, खेळच झालाय. पण तिच्या खांद्यावरून मीही बाहेर बघितलं. मी कशाला बघितलं?

५ मे
रोज थोडं थोडं वाढवते. आता सुट्टीच आहे. भाजीवालीशी घासाघीस तीच करते, गुजरातीत. आज जेवताना, "सुनंदा, मीठ जास्त झालंय." नाव घेतलं! सहा आठवड्यांनी! ह्यांना वापीला लगेच फोन केला. हे म्हणतात, "आणि महिने मोजायला लागल्या तर?" आनंदसुद्धा धड करू देत नाहीत.

११ मे
लागली मोजायला. बोटांवर. "होळी गेली, पाडवा गेला..." मी मध्येच चहा पुढे केला.

१४ मे
तीन दिवस बोंबील आणले नाहीत. मुद्दाम. काहीच करू दिलं नाही. रिकाम्या दोरीखाली बसून राहिली. संध्याकाळी पुन्हा, "तू कोणाची गं?"
शी! स्वतःच्या आईला परत विसरायला लावते मी. उद्या सकाळीच बाजार.

२२ मे
दोन धक्के. दोन्ही वेळा ती दारात.
मला आता धक्क्याशिवायही कडी ऐकू येते. दुपारी भात टाकताना ऐकली, हात थांबले. तो यायचा तेव्हा एकदाच वाजवायचा आणि वाट बघत उभा राहायचा, वेडा. कोणाला सांगू हे? आई वाळलेले बोंबील निवडत होती, चांगले चांगले वेगळे. "हे महेशचे."

३० मे
पलीकडच्या पाड्यातली पोरं बोटींवरून आली. जीपमधून उतरली, दाढ्या वाढलेल्या, हातात गोणी. आई फाटकाशी उभी राहून एकेकाचा चेहरा बघत होती. जीप रिकामी झाली तरी हलली नाही. मी घरातच लपले. भित्री कुठली.

३१ मे
दुपारी धक्का, चांगलाच. कडी खडखडली. आई उठली नाही. हातातली जोडी अडकवत राहिली.
शेवटी मीच म्हणाले, "आई, दार."
"जमीन हलली, बाय."
हातातली जोडी खाली ठेवली. मग म्हणाली, "उद्या मला धाकटी डहाणूला ने. खाडीवर."
"कशाला गं?"
"काय सांगायचंय ते तिथे सांग. इथे नको."
हे तिला झेपेल एवढं आहे की जास्त? डॉ.ना विचारायचं होतं ते हेच.
सकाळची पहिली एस.टी. पकडायची. पिशवी भरली. तिने वरून सुक्या बोंबलांची पुडी ठेवली, वेगळे काढलेले तेच. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.