नऊ तारखेची नोंद

१० नोव्हेंबर, सोमवार
ठरलं एकदाचं. माझं सॉफ्टवेअर आधी एका ठाण्यात लागणार, जमलं तर जिल्हाभर. ठाण्याचं नाव इथंही लिहीत नाही, नोकरीची सवय. जालन्याच्या आमच्या संगणक कक्षापासून बसनं तासभर. मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे एसपी, म्हणाले, तीन महिने बघू. अर्ज, गुन्हे, मिसिंग, मुद्देमाल, सगळ्याचे रकाने मांडत मी दोन वर्षं बसले आणि हे तीन महिने बघणार. असो. शिपाई म्हणून भरती झालेल्या पोरीला एवढं दिलं हेच पुष्कळ, असं आईचं मत. आईला काय जातंय.

१२ नोव्हेंबर
ठाण्यात पहिला दिवस. कुणी धड बघेना. अपवाद बोराडे मामा, तिथले क्राईम रायटर. सगळा कागद त्यांच्या हातून जातो. साहेब येतात-जातात, मामा तिथंच. मे अखेर रिटायर.
स्टेशन डायरी उघडून दाखवली. दर पाळीच्या शेवटी दोन ओळी नंबरसकट कोऱ्या. या कशाला, विचारलं. म्हणाले, "पोरी, या दोन ओळींवर ठाणं चालून राह्यलं." उशिरा आठवलेलं, साहेबांनी उशिरा सांगितलेलं, सगळं त्यात बसतं.
माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कोरी ओळ नाही. नोंद केली की त्या मिनिटाची वेळ पडते, मागं जाता येत नाही. हे सांगितल्यावर मामांनी चष्मा काढून पुसला.

२१ नोव्हेंबर
मामा शिकले! दोन बोटांनी टाईप करतात, पण एक रकाना चुकत नाही. उलट माझ्याच चुका काढतात. मुद्देमालाची पावती आणि पंचनामा मी वेगळ्या पानांवर ठेवला होता, म्हणाले कोर्टात दोन्ही एकदम मागतात, एका पानावर घे. घेतलं. आठ दिवसांत यांनी शिकवलं तेवढं मला कुठल्या कोर्समध्ये मिळालं नसतं.
मामी रोज एक भाकरी जास्त पाठवतात. बाबा गेल्यापासून "जेवलीस का" असं ऑफिसात कुणी विचारलं नव्हतं. फार बरं वाटतं, लिहून ठेवते.

४ डिसेंबर
कागदी डायरी या महिन्यापासून बंद, साहेबांचा आदेश. आणि आजच तीन तास लाईट नाही. सकाळच्या सगळ्या नोंदींना दुपारची वेळ पडली. ठाण्याचे पीआय साहेब सगळ्यांदेखत माझ्यावर तापले, जसं काही तारा मीच तोडल्या.
मामा नंतर शांतपणे: मागची वेळ टाकायची सोय ठेव, लाईट जाईल तेव्हापुरती. मी नाही म्हटलं. मागं जाता येऊ नये यासाठीच तर सगळा खटाटोप केला.

८ डिसेंबर
दिली सोय. 'उशिरा नोंद'. फक्त माझ्या लॉगिनवरून चालेल, उशिराचं कारण लिहावंच लागेल, आणि खरी वेळ आत पडून राहील. म्हणजे दर वेळी मामा मला फोन करणार, मी जालन्यातून टाकणार. एवढं चालेल. चालेल ना?

१९ डिसेंबर, परतूर
मावसबहिणीचं लग्न. मामांचे सकाळपासून सहा फोन. हळदीच्या हातानं मोबाईल धरून नोंदी टाकल्या. मावशी म्हणाली, चोर इथं मांडवात धरणार का.
सातव्या फोनला पासवर्ड सांगून टाकला. मामांनाच सांगितला, दुसऱ्या कुणाला नाही. सोमवारी बदलते.

२ जानेवारी
मोठ्या साहेबांनी कार्यक्रम घेतला, तीन महिने व्हायच्या आधीच हे जिल्हाभर जाणार. भोकरदनपासून परतूरपर्यंतचे लोक आलेले. शाल पीआय साहेबांना. भाषणात "आमच्या टीमनं". टीम म्हणजे मी, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत. फक्त मामा जवळ येऊन म्हणाले की नाव घ्यायला पाहिजे होतं तुझं. एवढ्यावर राग गेला. मी पण कशावरही विरघळते.
पासवर्ड अजून तोच आहे. बदलायचा.

१३ जानेवारी, मंगळवार
त्या ठाण्याच्या हद्दीत विहिरीत एक माणूस सापडला. कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. आठ तारखेपासून बेपत्ता, बायकोचं नाव सुमनबाई. दुपारी दोनला बाहेर काढला.
घरी निघताना सहज नुसती यादी उघडून पाहिली. मिसिंगची नोंद नऊ जानेवारी, सकाळी ११.२०. म्हणजे बाई आली आणि लगेच घेतली. वाईट तर वाटलंच, पण खरं लिहायचं तर अभिमानही वाटला. पूर्वी असे अर्ज चार-चार दिवस टेबलावर लोळायचे. जेवताना आईला सांगितलं.

१९ जानेवारी, सोमवार
सुमनबाईच्या दिरानं मोठ्या साहेबांकडे अर्ज दिला. नऊ तारखेला आलो, अकरा तारखेला आलो, दोन्ही वेळा हाकलून दिलं, पिऊन पडला असेल म्हणाले. ठाण्यानं उत्तरात प्रिंट लावली: नऊला नोंद, नऊ, दहा, अकराला शोध घेतला, मिळून आला नाही.
चौकशीच्या मॅडमनी मला बोलावून आतली खरी वेळ काढायला लावली. काढली. चारही नोंदी तेरा तारखेच्या. संध्याकाळी ४.४० ते ५.०५. प्रेत निघाल्यावर. कारण: "लाईट नव्हती". नोंद करणार: माझं नाव. चार वेळा.
मॅडम म्हणाल्या, वाचा मोठ्यानं. वाचलं.
कॉम्प्युटर ठाण्यातला, हे दिसतं. खुर्चीत कोण होतं, ते दिसत नाही.

२० जानेवारी
पहिल्या बसनं गेले. मामा जागेवर. वाटत होतं म्हणतील, मी नाही, दुसऱ्या कुणी तरी केलं असेल. तसं म्हणाले असते तर मी विश्वासही ठेवला असता.
म्हणाले, "तारीख तर खरीच हाय. बाई नऊलाच आल्ती. मंग मी खोटं काय लिवलं?"
शोध घेतल्याचं विचारलं. फाईलची दोरी बांधत राहिले. मग म्हणाले, साहेब पाठीमागं उभे होते.
म्हणजे बाई आली हे माहीत होतं. कुणी शोधलं नाही हेही माहीत होतं. आणि माझं नाव पडतंय हे तर समोर दिसत होतं, हिरव्या अक्षरांत, मीच तो रंग ठेवलाय. मामांना नीट दिसावं म्हणून.

२३ जानेवारी
मामांचा जबाब गेला. मॅडमनी वाचायला दिला. "मला संगणक हाताळता येत नाही. सदर नोंदी संगणक कक्षातील महिला पोलीस शिपाई यांनी केल्या आहेत."
मला संगणक हाताळता येत नाही! माझ्याच चुका काढणारा माणूस. अक्षरही त्यांचंच, वळणदार, एक खाडाखोड नाही. केसानं गळा कापला. दुसरा शब्द सापडत नाही मला. त्यांच्या घरची भाकरी खाल्ली याचीसुद्धा लाज वाटून राहिली आहे.
संध्याकाळी पीआय साहेबांचा फोन, आवाजात साखर. असं लिहा की ठाण्यानं नऊलाच साध्या कागदावर नोंद घेतली होती, कॉम्प्युटर बंद असल्यानं फोनवर सांगितली, तुम्ही तेराला चढवली. प्रकरण संपलं. तुम्हाला फार तर एक समज मिळेल. आणि खरं लिहायला गेलात तर पासवर्ड दिल्याबद्दल आधी तुमचीच नोकरी जाईल, ते बघा.
धमकी म्हणावं तर चुकीचं काही बोलले नाहीत. पासवर्ड मीच दिला. दारही मीच करून दिलं होतं.

२५ जानेवारी
रविवार असून मॅडमनी सुमनबाईला जबाबाला बोलावलं, मला टायपिंगला बसवलं. तिशीच्या आतली बाई, माझ्याच वयाची. रडली नाही. कुठं कुठं शोधलं ते सांगितलं: कारखान्याचा रस्ता, दोन धाबे, नवऱ्याच्या बहिणीचं गाव, सहा विहिरी. सातवीत तो होता, तिथं ती पोचली नव्हती. मी टाईप करत होते.
सही झाल्यावर मलाच विचारलं. तिला काय माहीत मी कोण.
"मॅडम, नऊ तारखेपासून पोलीस शोधून राह्यले व्हते असं तुमच्या कॉम्प्युटरमधी हाय म्हणे. मंग मला एकटीला कोणीच कसं भेटलं न्हाई?"
मी उठून पाणी आणून दिलं.

२७ जानेवारी
मामा घरी आले. आईनं खुर्ची दिली, तिला काही माहीत नाही. टोपी मांडीवर ठेवून बसले. चार महिने राह्यलेत माझे, म्हणाले. चौकशी लागली तर पेन्शन अडकते, मामीची शुगर, सगळं. मीच लिवलं ना पोरी, पण माझ्याकडून लिवून घेतलं.
मी म्हटलं, मला आधी फोन का नाही केलात? लग्नात सहा-सहा करत होतात.
"तू न्हाई म्हणली असती."
हो. तेवढं बराबर ओळखतात मला. तरीही केलं. म्हणजे ओळखूनच केलं.
चहा न घेता गेले. दारात आईला म्हणाले, लेक हुशार आहे तुमची. आई अजून खूश आहे. मला इतका राग आलाय आणि तरी ते जिना धरून उतरत होते तेव्हा हात द्यावासा वाटला. याचाच जास्त राग येतोय.

२८ जानेवारी, बुधवार
उद्या अकराला जबाब द्यायचा.
दुपारपासून लिहितेय. माझं एक पान झालं: सोय मी केली, कुणाची परवानगी न घेता. लॉगिन माझं. पासवर्ड लग्नाच्या मांडवातून फोनवर दिला, नंतर बदलला नाही. माझं काही सोडलं नाही. नोकरी जायला एवढं पुरेल.
मामांचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.
सुमनबाई सहा विहिरी शोधत होती ते तीन दिवस आमच्याकडे शोध चालू होता, असं माझ्या नावानं नोंदलेलं आहे. मी गप्प बसले तर ते तसंच राहील. कायमचं, कारण पुसायची सोय मी ठेवलेली नाही.
दुसऱ्या पानाची पहिली ओळ: "सदरचा पासवर्ड मी दिनांक १९ डिसेंबर रोजी क्राईम रायटर बोराडे यांना फोनवर दिला."