आबासाहेबांच्या तळघरातली एकादशी

बारामती,
चैत्र शुद्ध त्रयोदशी, शके १८७६

चि. रावजी यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही. डॉक्टर माणसाने ती स्वतःच पाहिली पाहिजे. दवाखाना वेळेवर उघडतोस ना? सौ. रतनला सांग, कैऱ्या पाठवल्या आहेत त्यांचे लोणचे घालावे, मीठ लावून उभ्या उभ्या संपवू नयेत (हे तुला उद्देशून आहे).

परवाची हकीकत मीच कळवते, कारण ती तुझ्या कानावर येणारच आणि येईल ती चुकीची असेल. मी इथल्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे आणि पाच वर्षे दारूबंदीचा प्रचार करते, हे तू जाणतोसच. येत्या रविवारी इंदापूरला मोठी सभा आहे. तिथे तीनशे माणसांना मी शपथ द्यायची आहे, आणि त्याआधी शपथ देणाऱ्याने स्वतः म्हणायचे असते, "मी जन्मात दारूला तोंड लावलेले नाही." हे वाक्य मी बावीस गावांत खणखणीत आवाजात म्हटले आहे. तेविसावे गाव इंदापूर.

तर अंथुर्ण्याचे आबासाहेब (बागाईतदार, सज्जन, पण कल्पक; कल्पक माणसाला कालव्याचे इतके पाणी मिळू नये) यांनी यंदा द्राक्षांचा रस काढून सोडावॉटरच्या गोळीच्या बाटल्यांत भरला. कुठल्याशा फ्रेंच पुस्तकातली चित्रे पाहून त्यांनी धान्याचे जुने पेव खणून त्याचे तळघर केले, आत बाटल्या उलट्या रचल्या, आणि त्यांच्या मंडळी धोंडाबाई रोज सकाळी प्रत्येक बाटली पाव वळसा फिरवू लागल्या. का फिरवायची ते चित्रात नव्हते. महिन्याभरात रसाला आपोआप बुडबुडे आले. हा गृहोद्योग पाहायला त्यांनी आमच्या मंडळाला बोलावले.

आखणी मी केली, म्हणजे तीत चूक नव्हती. दिवस एकादशीचा धरला, कारण त्या दिवशी बायकांमागे स्वयंपाकाचा रगाडा नसतो. वाहन, तात्याबाचा ट्रक, जो भाजी बाजारात उतरवून रिकामा परततो. सातला निघणे, साडेआठला बाग, दहाला तळघर, साडेदहाला रसाची चव, अकराला गावातल्या बायकांपुढे माझे दारूबंदीवर व्याख्यान, एकला साबुदाण्याची खिचडी. (कॉलेजात माझा विषय तर्कशास्त्र होता. क्रम चुकत नाही.)

बाहेर चैत्राचे ऊन, तळघरात गारवा, आणि आम्हा अकरा जणींच्या पोटात पाण्याखेरीज काही नाही. आमच्या साखरबाई उपासाला फार कडक. त्यांनी विचारले, "उपासाला चालंल का?" धोंडाबाई म्हणाल्या, "न चालायला काय झालं? फळच हाय की, निस्तं पिळलंय." अंगठ्याने गोळी आत दाबली, फेस उसळला, आणि आम्ही एकेक पेला घेतला. आंबटगोड, नाकात गुदगुल्या करणारा. मी पेला खाली ठेवला तर आबासाहेब दुखावले. "बाई, एक कुनी देतं व्हय पाव्हन्याला? एक म्हंजी अपशकुन." म्हणून दुसरा. मग आमच्यातल्याच छबूबाईंनी स्वतःच पेला पुढे केला म्हणून सगळ्यांना तिसरा, तेव्हा धोंडाबाई म्हणाल्या, "तीनवर न्हाय थांबायचं गं बाई!" म्हणून चौथाही. पाचवा ओटीचा म्हणून आला, आणि ओटी नाकारणे माझ्या शिस्तीत बसत नाही.

व्याख्यान वीस मिनिटांचे होते. ते पावणेदोन तास चालले. पालथ्या घातलेल्या पाटीवर उभी राहून मी दारूबंदीचे गाणे हातवाऱ्यांसह म्हटले (कॉलेज सोडल्यापासून मी गायलेले नाही, हे तुला माहीत आहे). सभेने शपथ चार वेळा घेतली; तीनवर थांबायचे नव्हते. साखरबाई आणि छबूबाई या सख्ख्या जावा नऊ वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या गळ्यात पडल्या. "तुमच्या पोळीतलं पुरन पातळ न्हवतं वं, म्या उगाच म्हनले!" अशी रड ऐकून धोंडाबाईही रडल्या, आणि कशासाठी ते मागाहून विचारून घेतले. खिचडीची आठवण कुणालाच झाली नाही.

परतीला मी ट्रकमध्ये पुढे बसले. तात्याबाने दोनदा हुंगले. मग म्हणाला, "बाई, रागावू नगा. गेल्या साली तुमच्याच म्होरं शपथ घेतली म्या. दारू सोडली, पर वास न्हाय इसरलो."

मी त्याला समोर पाहून गाडी चालव म्हणून सांगितले. पण तेव्हापासून झोप नाही. तो रस असेल तर मी गायले का? आणि रस नसेल तर रविवारी ते वाक्य म्हणू कशी? तर्कशास्त्र इथे थांबते.

मुलांना आशीर्वाद. पाढे तीसपर्यंत झाले का ते कळव.

तुझी आक्का

ता. क. द्राक्षासव हे औषध आहे, आणि औषध म्हणून घेतलेली वस्तू दारूत धरत नाहीत. सरकारसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना देते. तेव्हा शनिवारपर्यंत ये आणि मला तपास. खोटी चिठ्ठी मी घेणार नाही. खोटे बोललास म्हणून लहानपणी तुला मीच छडी मारली आहे. मला काहीही झालेले नाही. नीट तपास आणि काहीतरी शोधून काढ.

ता. क. २. आम्ही अकरा जणी आहोत. प्रत्येकीला निराळे काहीतरी निघावे, नाहीतर साथ आली असे लोक म्हणतील.

ता. क. ३. सुरू केलेले औषध अर्धवट सोडू नये, असे तूच रोग्यांना बजावतोस. म्हणून तात्याबाचा ट्रक वद्य एकादशीलाही सांगून ठेवला आहे.