पाहुणीसाठी मागून आणलेलं घर

दिग्रसजवळून

बहीण पारबता हिले,

मोठ्या बहिणीचा जय भीम घे. तुझे गुडघे, जवाईबापूंचा खोकला आणि तुमची म्हैस, तिघांची तब्येत कळव; म्हशीची आधी. आम्ही बरे आहोत. कापूस अजून घरातच आहे. भाव येईल म्हणून ठेवला, तो काही आला नाही, आता आम्ही त्याच्यावरच झोपतो. अंगाले खाज सुटते, पण एवढी मऊ गादी सावकाराच्या घरीही नसंल. मी सांगून राह्यली, सून ममता लिहून राह्यली. (ती मधे मधे हसते, तिकडं लक्ष देऊ नको.)

आमच्या विहारात संध्याकाळी पोरांची शिकवणी चालते, ती कोण्या दूरदेशच्या बौद्ध मंडळींच्या दानावर. (देशाचं नाव ममता रोज सांगते, माझ्या तोंडात बसत नाही.) माझी नात उर्वशी यंदा दहावीले, गणितात कच्ची, कापसाच्या या दिवसांत दुसरी शिकवणी लावायची ऐपत कोणाची आहे? तर त्या मंडळींतली एक बाई गरीब घरं पाहायले येणार आणि मग पुढच्या वर्षाचं ठरवणार, असं शिकवणीच्या प्रफुल्ल सरांनी सांगतलं. वरून मले म्हणे, आजी, घर जसं आहे तसंच राहू द्या.

आता पाहुणी येणार आणि घर जसं आहे तसं ठेवायचं, हे आपल्या मायनं कधी शिकवलं होतं का? एवढ्या लांबून आलेल्या बाईले रिकामं फडताळ दाखवू? शेजारच्या रामीबाईचे स्टीलचे डबे आणले (तेही रिकामेच, पण बाहेरून काय कळते), सरपंचाच्या घरच्या खुर्च्या आणल्या, आणि तांड्यावरच्या लालसिंगभाऊचा फ्रिज बैलबंडीवर घालून आणला. लाईट नव्हती, पण उभा छान राह्यला. कापसावर नवी चादर टाकली. पाहुणी आली, लहानखुरी, कमरेत वाकून नमस्कार करणारी. सगळ्या खुर्च्या सोडून नेमकी कापसावर बसली. हसूनही राह्यली अन् खाजवूनही राह्यली. पाटोडीची भाजी पोटभर जेवली, आणि निघताना सरांच्या तोंडून म्हणाली, तुमचं घर पाहून समाधान वाटलं, इथं आता आमची गरज नाही, ही मदत पुढच्या गावाले देऊ.

सरांचा चेहरा पाहवत नव्हता. उर्वशीनं दप्तर उचललं आणि आत गेली. ती भांडली असती तर मले बरं वाटलं असतं.

बाईची गाडी गेली तसे आम्ही ज्याचं त्याले परत द्यायले निघालो. पुढं रामीबाई डबे घेऊन, मग ममता डोक्यावर खुर्च्या घेऊन, मागं बंडी, अन् बंडीत फ्रिजले मिठी मारून मी. नाल्यापाशी पाहतो तर बाईची गाडी पंक्चर होऊन उभी. तिनं फ्रिजकडे पाह्यलं, मग माझ्याकडे पाह्यलं. मी जय भीम केला. दुसरं काय करणार? तिच्यासोबत गाडीत असलेल्या सरांनी तिले सगळं उलगडून सांगतलं, तशी ती रस्त्यातच बसून हसली. म्हणे, भन्ते यायचे असले की माझी आईही शेजारणीची किटली मागून आणायची, अन् भन्ते ओळखायचे, कारण आदल्या घरी त्यायले त्याच किटलीतला चहा मिळालेला असायचा.

शिकवणी वाचली. पण जाता जाता बाईनं अट घातली: ज्या घरचं पोर शिकंल, त्या घरची एक अडाणी बाईही वर्गात बसंल. नाही बसली तर पोराचं नाव कटते. आमची ममता शिकलेली. उरलं कोण, ते तूच पाह.

तुझीच,
इंदूबाई

ता.क. या वयात मले पाटी-पेन्सिल शोभत नाही. तू चौथी शिकलेली, तोंडवळा माझाच. दोन महिने इकडं ये आणि माझ्या नावानं वर्गात बस. पांढरं लुगडं नेसून ये, कोणाले कळत नाही.

ता.क. दुसरा. आल्या आल्या वाचून दाखवू नको. हळूहळू शिक.

ता.क. तिसरा, हा सुनेचा. मावशी, जय भीम. तुम्ही येऊ नका. आत्याबाई सोमवारपासून वर्गात जातात, सगळ्यांच्या पुढं बसतात, आणि सरांनी रामीबाईला आधी शाबासकी दिली म्हणून तिच्याशी बोलत नाहीत. हे मी लिहिलं असं त्यांना सांगू नका. त्यांना वाचता येईपर्यंतच मला एवढी मोकळीक आहे.