नावं एका फाइलीत, नंबर दुसरीत

४ जून
पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला सुरुवात. पहिल्याच धड्यात स्क्रीनवर माझं नाव आणलं. बायकोला बोलावून दाखवलं. म्हणाली, दाराच्या पाटीवरही आहे, आणि त्याला वीज लागत नाही. कलावंताला घरात मान नसतो.

७ जून
बरेच धडे बाकी आहेत, पण मुद्दा कळला. उरलेले सामान्य बुद्धीच्या लोकांसाठी असावेत.
ताईच्या चष्म्याच्या दुकानात मी काउंटर सांभाळतो. ती डोळे तपासते, मी गिऱ्हाइकाचं नाव आणि चष्म्याचा नंबर कार्डावर उतरवतो. माझ्यासारख्या माणसाने कार्डं लिहायची! आता प्रोग्राम.

९ जून
प्रोग्राम तयार. ताईसमोर एक नाव घातलं, सेव्ह केलं, बंद करून पुन्हा उघडलं. जसंच्या तसं! ताई ‘बरं’ म्हणाली. तिचं ‘बरं’ म्हणजे इतरांचं सुवर्णपदक. मग विचारलंन्, दोन घातली तर? म्हटलं, ज्याला एक जमतं त्याला दोन जमतातच.

१० जून
दोन घातली. दुसरंच राहिलं, पहिलं गायब.
दुपारी कळलं. फाइल ‘डब्ल्यू’ लिहून उघडली की आधीचं सगळं पुसून जातं. हा पायथनचा दोष. ‘ए’ केलं, आता नवीन ओळ जुनीच्या खाली बसते. ताईला बोललो नाही. किरकोळ गोष्टींनी कामाच्या माणसांना त्रास देऊ नये.

११ जून
आणखी सुधारणा. नावं एका फाइलीत, नंबर दुसरीत. वाचताना पहिल्या नावाला पहिला नंबर, दुसऱ्याला दुसरा. मधे रिकामी ओळ आली तर प्रोग्राम ती गाळतो. मला पसारा खपत नाही.
ताई नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी परगावी. जाताना म्हणाली, कार्डंही लिहीत जा. हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

१३ जून
बदली डॉक्टरीणबाई तपासतात, नंबर मोठ्याने सांगतात, मी टाइप करतो. कार्ड नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.
पहिला आला तो कुस्तीचा मास्तर. नंबर निघालाच नाही, त्याला नुसता गॉगल हवा होता. नंबराच्या जागी रिकामं एंटर दाबलं. मग शिंपीणकाकू. मग आमची आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा पहिला चष्मा. मग बसड्रायव्हर. शेवटी पोस्टमन.
संध्याकाळी प्रोग्राममधून यादी काढून काचांची ऑर्डर दिली. पोस्टमनपुढे नंबरच आला नाही. फोन करून अभिनंदन केलं, डोळे ठणठणीत आहेत. तो म्हणाला, मग मला पत्ते का वाचता येत नाहीत? म्हटलं, हल्ली लोकांचं अक्षरच वाईट.

१६ जून
चष्मे आले. सगळे घेऊन गेले. आईचा मी स्वतः घरी नेला.

१८ जून
शिंपीणकाकू म्हणतात, सुईच दिसत नाही, दोऱ्याचं तर सोडाच. मास्तर गॉगल लावून निघाला तो थेट दारावर आपटला. दाराची काच गेली, मास्तर शाबूत. ड्रायव्हरने चष्मा काउंटरवर ठेवला आणि जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. नव्या चष्म्याची सवय व्हावी लागते, पण लोकांना धीर कुठे?
आई मात्र खूश. कसा आहे विचारलं, तर म्हणाली, छान आहे हो. एकमेव समजूतदार गिऱ्हाईक.

२० जून
ताई परतली. शिंपीणकाकू आधीच दारात उभ्या. ताईने त्यांना खुर्चीत बसवून तपासलं, मग मला विचारलं, कार्ड कुठंय? मी प्रोग्राम उघडला. तिने दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या. नावं पाच, नंबर चार. मास्तरची रिकामी ओळ गळाली आणि खालचे सगळे नंबर एकेक घर वर सरकले. मास्तरला काकूंचा, काकूंना आईचा, आईला बसड्रायव्हरचा. आईच्या नावापाशी तिचं बोट थांबलं.
संध्याकाळी ती घरी आली. आईच्या हातात पेपर देऊन म्हणाली, वाच बघू. आईने धडाधड वाचला. सगळ्या बातम्या सकाळी रेडिओवर लागलेल्या. ताई म्हणाली, आई, पेपर उलटा आहे.
आई म्हणाली, अगं, एवढ्या हौसेने केलंन् त्याने. मला वाटलं, माझेच डोळे बिघडलेत.
मला तहान लागल्याने मी स्वयंपाकघरात गेलो. बराच वेळ पाणी प्यायलो.

२१ जून
सगळ्यांना फोन, माफी. पोस्टमनचा नंबर सगळ्यांत मोठा निघाला.

२४ जून
कार्डं पुन्हा सुरू. पायथन तूर्त स्थगित, तब्येतीच्या कारणाने.
आईचा खरा चष्मा आला. मीच तिच्या कानांवर अडकवला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिने मला नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, अरे, तुला टक्कल कधी पडलं?