वाघिणीखालचं लिंबू

नरडाणा, ८ जानेवारी २०२५

ती. स्व. नाना यांस, पुतणी सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जुळवता, म्हणून हे पत्र. आमच्या शाळेला रेल्वेच्या भंगारातून कोळशाची जुनी चारचाकी वाघीण मिळाली आहे. आत मुलांचं वाचनालय करणार. रूळ टाकून ती शाळेच्या फाटकाजवळ, भिंतीला लागून उभी केली आहे, चाकांना लाकडी गुटके लावून. २६ तारखेला उद्घाटन. शाळेचे अध्यक्ष ललितभाऊ म्हणतात, नवं वाहन आलं की चाकाखाली लिंबू चिरडायलाच हवं, गुटके काढून वीतभर ढकलू. तुम्ही उभी हयात वाघिणी तपासण्यात घालवलीत, तेव्हा भाषणाला दोन शब्द लिहून पाठवा. गोळ्या वेळेवर घेता ना?

तुमची बोलणी गोड मानून घेणारी,
सुलक्षणा

जळगाव, १३ जानेवारी

चि. सुलक्षणा हीस, अ. उ. आ.

भाषण गेलं चुलीत. आधी ब्रेकचा दांडा कुठे आहे ते बघ. त्या जातीच्या वाघिणीला तो एकाच बाजूला असायचा. तो भिंतीकडे गेला असेल, तर चालू लागलेली वाघीण थांबवणार कोण? उतार तुला दिसला नाही तरी तिला कळतो.

तुझ्या योगराजकाकाचा पाय कसा गेला, हे तुला कधी सांगितलं नाही. १९७२ च्या खंडेनवमीला यार्डात आम्ही असंच लिंबू ठेवलं होतं. गुटका निघाला, वाघीण निघाली. दांडा पलीकडे, म्हणून योगराज खालून शिरला. पुढे दोन्ही बाजूंना दांडा असलेल्या वाघिणी आल्या, पण त्याचा पाय काही आला नाही.

चाकं साखळीनं रुळाला जखडून घे. लिंबू हवंच असेल तर सरबत करून पोरांना पाजा. सोबत तिळगूळ आहे.

काळजीत असलेला,
भाईदास नाना

नरडाणा, २७ जानेवारी

ती. स्व. नाना यांस, शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. दांडा खरंच भिंतीकडे निघाला. कुंदन वेल्डरकडून मी मागची चाकं साखळीनं बांधून घेतली, तर ललितभाऊ रुसून बसले. काल माझी पाठ वळल्यावर त्यांनी गुपचूप लिंबू ठेवलं आणि पुढचे गुटके काढले. समोर रुळांमध्ये लेझीमची बावीस मुलं उभी होती.

वाघीण करकरली, वीतभर सरकली आणि साखळी ताणून थांबली. मुलांना तो कार्यक्रमच वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र पायरीवर बसून रडून घेतलं. ललितभाऊंनी सगळ्यांदेखत कान धरले. नाना, तुमचं पत्र आलं नसतं तर काय झालं असतं, ते लिहवत नाही.

तुमच्या धाकात राहू इच्छिणारी,
सुलक्षणा

जळगाव, ३ फेब्रुवारी

चि. सुलक्षणा हीस, अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. काल रविवारी नेहमीसारखा नशिराबादला योगराजकडे गेलो आणि त्यालाही ते वाचून दाखवलं. बावीस मुलं म्हटल्यावर त्यानं हात जोडले.

तुला एक लिहिलं नव्हतं. यार्डातला तो गुटका मी काढला होता. चौकशीत आपोआप निसटला म्हणून सांगितलं. बावन्न वर्षं दर रविवारी त्याच्यासमोर बसतो, पण कधी तोंड उघडलं नाही. काल उघडलं. तो आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाला, की माले ठाऊक शे. इतकी वर्षं त्याला माहीत होतं. मग चहा थंड होतोय म्हणून माझ्यावरच ओरडला.

येत्या रविवारी आम्ही दोघं तुझी वाघीण बघायला येतो. त्याला गोड चालत नाही, सरबतात साखर बेतानंच घाल.

हलक्या मनानं,
भाईदास नाना