पियानोची उजवी बाजू

३ मार्च

चि. कानसेनास अनेक आशीर्वाद.

परवाच्या पियानोच्या मैफलीचं पेपरातलं तुझं परीक्षण वाचलं. हॉलच्या मॅनेजरनेच कात्रण हातात ठेवलं. वरचे सूर उतरले होते, पियानो जुळवणाऱ्याने आता घरी बसावं, असं लिहिलंयस. अरे शहाण्या, त्यांचा नेहमीचा माणूस सोडून गेलाय. त्या दिवशी जुळवणारा तुझा बाप होता! कायमचं काम मलाच मिळायचं होतं. आता मॅनेजर विचार करून सांगतो म्हणाला. तुझी आई हसून हसून बेजार. मी जेवलो नाही.

लोभ आहेच, आज जरा कमी.
बाबा

८ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

चुकलो. घरी बसण्याचं वाक्य निव्वळ टाळ्यांसाठी होतं. संपादकांना असलंच आवडतं. माफी छापतो. पण सूर उतरले नव्हते असं कसं लिहू? तुम्हीच तयार केलेले कान आहेत. राग सोडा आणि जेवा.

मायेत कपात नको.
कानसेन

१२ मार्च

चि. कानसेनास आशीर्वाद.

माफीबिफी काही नको. मी हॉलमध्ये जाऊन पुन्हा पट्ट्या दाबून पाहिल्या. उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्यांचा सूर मला ऐकूच येत नाही, नुसती लाकडाची टकटक. वर्षभर हाताच्या सवयीवर रेटत होतो. मॅनेजरला खरं सांगितलं, काम गेलं. आईला अजून बोललो नाही. तुझ्यावर राग नाही. भीती वाटते रे.

पत्र टाकत जा.
बाबा

४ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आईला सांगितलंत, बरं केलंत. इकडची बातमी म्हणजे मी स्वतःच एक रचना केलीय. सहा सूर, बावीस मिनिटं, तेच तेच, हळूहळू बदलत जाणारं. संपादक म्हणाले, परीक्षणं लिहून याचं डोकं फिरलं! सहाही सूर डावीकडचे आहेत. त्याच हॉलमध्ये वाजणार आहे. तेवढी डावी बाजू तुम्ही जुळवाल? मॅनेजर हो म्हणालाय. आढेवेढे घेऊ नका.

वाट पाहतो.
कानसेन

२० सप्टेंबर

चि. कानसेनास अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या पेपरातलं कात्रण सोबत आहे. पियानोला उजवी बाजूही असते हे या संगीतकाराला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणे. भोग आता आपल्या कर्माची फळं! आईला दहाव्या मिनिटाला डुलकी लागली. मी जागचा हललो नाही. एकही सूर निसटला नाही.

तक्रार एकच. बावीस मिनिटं फार कमी झाली.

लोभ पूर्ववत, थोडा जास्तच.
बाबा